डिस्नेशेजारचं सेलिब्रेशन: राहायला जावं की नुसतं बघून यावं?

निशिगंधा_एडिसन (धागाकर्ती)

आमच्या घरात महिनाभर एकच विषय चालू आहे आणि नवरा-बायकोचं एकमत होण्याची चिन्हं नाहीत, म्हणून इथे मांडते. नवऱ्याची नोकरी आता कायमची रिमोट झाली. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स आणि बर्फ, दोन्हींना आम्ही विटलोय. फ्लोरिडाला जायचं ठरलंय, गाडी अडलीय ती गावावर. माझं मत सेलिब्रेशनला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑरलँडोच्या नैर्ऋत्येला, ऑसिओला काउंटीत, वॉल्ट डिस्ने वर्ल्डला अगदी खेटून डिस्ने कंपनीने हे गाव वसवलं. १९९५ च्या नोव्हेंबरात घरांसाठी इतकी झुंबड उडाली की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, आणि १९९६ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ११ हजारांच्या वर होती. घरांना पुढे ओसरी, गॅरेज मागच्या गल्लीत, सगळीकडे फुटपाथ, मध्ये तळं आणि तळ्याकाठी बाजार.

मुलांना डिस्नेचं वेड आहे हे खरं, पण माझं कारण वेगळंच आहे. सासू-सासरे दर वर्षी सहा महिने येतात. दोघांनाही गाडी चालवता येत नाही. सकाळी आम्ही आपापल्या मीटिंगांत, मुलं शाळेत, आणि ते दोघं खिडकीतून समोरचं रिकामं ड्राइव्हवे बघत बसतात. सासरे एकदा म्हणाले, "इथे सगळं आहे गं, फक्त माणूस दिसत नाही." सेलिब्रेशनमध्ये निदान दाराबाहेर पडून चालत कुठेतरी पोचता येतं. अमेरिकेत याहून मोठी चैन मला तरी माहीत नाही.

नवऱ्याचं म्हणणं, "ते गाव नाही, देखावा आहे." सांगा आता.

खडूस_काका

नवरा शहाणा आहे, त्याचं ऐका.

नाताळाच्या दिवसांत तिथे मार्केट स्ट्रीटवर रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी "बर्फ" पडतो. साबणाचा फेस. तुम्ही ज्या बर्फाला कंटाळून निघालात तो तिथे यंत्राने पाडतात आणि लोक गाड्या भरभरून बघायला येतात. ऑक्टोबरात झाडांची पानं गळत नाहीत म्हणून तीही वरून सोडतात. असल्या जागी दोन दिवस मजा येते.

पण माझा खरा आक्षेप फेसाला नाही. १९६६ मध्ये वॉल्ट डिस्नेने फ्लोरिडात वीस हजार लोकांचं भविष्यातलं शहर बांधायचा बेत आखला होता, तेच मूळचं एपकॉट. त्या शहरात कोणाच्याच मालकीची जमीन नसणार, सगळे भाडेकरू, त्यामुळे मताधिकाराची भानगडच नाही, असा साधा हिशेब होता. डिसेंबर १९६६ मध्ये तो गेला आणि शहराऐवजी पुढे त्या नावाचा थीम पार्क झाला. मग नव्वदीत कंपनीने सेलिब्रेशन बांधलं, पण ती जमीन आधी स्वतःच्या रीडी क्रीक जिल्ह्यातून वगळून घेतली. का? हा जिल्हा म्हणजे २०२३ पर्यंत डिस्नेचं खासगी संस्थानच होता. तिथे रहिवासी आले असते तर मतदार आले असते. गिऱ्हाईक हवं, नागरिक नको. ज्या गावाचा जन्मच या विचारातून झाला, तिथे ओसरीवर बसून कोणती लोकशाही करणार आहात?

आर्की_सदाशिवपेठी

काका, लोकशाही राहू द्या, सासरे आज सकाळी चालायला कुठे जाणार ते आधी सांगा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बंद गल्लीत कुठली ग्रामसभा भरते?

मी नगररचनेत काम करतो म्हणून दोन शब्द. सेलिब्रेशनचा आराखडा रॉबर्ट स्टर्न आणि जॅकलिन रॉबर्टसन या वास्तुविशारदांचा, आणि इमारतीही तशाच बड्या नावांच्या. पोस्ट ऑफिस मायकेल ग्रेव्ह्जचं, टाउन हॉल फिलिप जॉन्सनचा (खांबांचं जंगल आहे, दार शोधावं लागतं), सिनेमागृह सीझर पेलीचं, बँक व्हेंचुरी आणि स्कॉट ब्राउन यांची. पर्यटक हे बघतात. राहणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

उपयोग आहे तो मागच्या गल्लीचा. गॅरेज, कचऱ्याचे डबे, विजेची मीटर सगळं मागे गेल्यामुळे पुढचा रस्ता माणसांसाठी मोकळा राहतो. प्लॉट अरुंद, घरं रस्त्याच्या जवळ, म्हणजे ओसरीवर बसलेल्याला फुटपाथवरचा माणूस हाक मारू शकतो. इतकं अंतर जमवायला इंचाइंचाचा हिशेब लागतो, आणि तो तिथे केलेला आहे. शिवाय बऱ्याच घरांच्या मागच्या गॅरेजवर एक छोटं स्वतंत्र बिऱ्हाड असतं. सासू-सासऱ्यांसाठी याहून सोयीचं काय? वेगळा जिना, वेगळं स्वयंपाकघर. सासूबाईंची फोडणी त्यांच्याकडे, तुमचा एअर फ्रायर तुमच्याकडे.

खडूस_काका

आर्की, गॅरेजवरचं बिऱ्हाड म्हणजे जिना आलाच. पंचाहत्तरीच्या गुडघ्यांना विचारलंत का?

आणि चालत पोचायचं म्हणजे कुठे? बाजारात आइस्क्रीम, रेस्टॉरंटं, भेटवस्तू. सुरुवातीला चौकात किराणा दुकान होतं, ते केव्हाच बंद झालं. पेलीचं ते सिनेमागृहही २०१० मध्ये बंद पडलं. पब्लिक्स हे सुपरमार्केट गावाच्या कडेला १९२ हायवेच्या बाजूला. कोथिंबीर आणायला गाडीच काढायची. मंदिर पार कॅसलबेरीला, म्हणजे ऑरलँडो ओलांडून पलीकडे. आय-फोर हायवेवर कधी अडकला आहात का?

निशिगंधा_एडिसन

काका, सासऱ्यांना कोथिंबीर आणायला चालत जायचंच नाहीये. त्यांना बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायचंय आणि कोणी "हाउ आर यू" म्हटलं की दहा मिनिटं उत्तर द्यायचंय.

टॅक्सवाला_टॅम्पा

भावनांचा पूर ओसरला असेल तर पैशांचं बघू. अनेक मराठी कुटुंबं याच गाळात रुतलेली पाहिली आहेत.

फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं मात्र कोणी विचारत नाही. घरविक्रीच्या साइटवर दिसणारा प्रॉपर्टी टॅक्स हा विकणाऱ्याचा असतो. तो तिथे वीस वर्षं राहत असेल तर कायद्यानुसार त्याच्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्क्यांनीच वाढलेलं असतं. घर तुमच्या नावावर झालं की पुढच्या १ जानेवारीला ते बाजारभावाला येऊन बसतं. त्याचं बिल बघून "न्यू जर्सीपेक्षा स्वस्त" म्हणू नका, तुमचं बिल वेगळंच येणार.

दुसरं, सीडीडी. सेलिब्रेशन ही नगरपालिका नाही. रस्ते, तळी, पाण्याचा निचरा असल्या कामांसाठी कम्युनिटी डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्ट आहे आणि त्याची आकारणी टॅक्सच्या बिलातच येते. त्याशिवाय रहिवासी असोसिएशनची वर्गणी वेगळी. कॉन्डो म्हणजे इमारतीतला फ्लॅट घेतला तर त्या इमारतीची आणखी वेगळी. तिन्हींची बेरीज लेखी मागा, एजंटचा तोंडी आकडा धरू नका.

तिसरं, आणि हे फार महत्त्वाचं: विमा. फ्लोरिडाचा आजचा बांधकामाचा कोड २००२ पासून लागू झाला, १९९२ च्या अँड्र्यू वादळाचा धडा घेऊन. सेलिब्रेशनची जुनी, ओसरीवाली, तुम्हाला आवडणारी घरं त्याच्या आधीची. विमा कंपनी छताचं वय विचारते आणि वाऱ्याला तोंड देण्याची व्यवस्था तपासून घ्यायला लावते. छत जुनं असेल तर हप्ता गगनाला किंवा सरळ नकार. २०२२ च्या इयन वादळात ऑसिओला काउंटीत पाणी भरलं होतं, त्यामुळे पुराचा विमाही विचारात घ्या. तो घराच्या विम्यात नसतो.

काका, एका बाबतीत मात्र तुम्ही जुन्या जमान्यात आहात. सीडीडीचं पाच जणांचं मंडळ आता तिथले मतदार निवडून देतात. सुरुवातीला जमिनीच्या प्रमाणात मत होतं, म्हणजे कंपनीचंच. ते दिवस गेले.

कोथरूडची_कावेरी

सगळं वाचून लवासाच आठवलं हो. डोंगरात इटलीतल्या पोर्तोफिनोसारखं शहर, कंपनीचं राज्य, घाटातला प्रवास, आणि शेवटी २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया. आमच्या ओळखीच्यांचा फ्लॅट तिथे तसाच पडून आहे. कंपनीने बांधलेल्या गावात पैसे टाकू नयेत, एवढंच म्हणेन.

आर्की_सदाशिवपेठी

कावेरीताई, लवासा अर्धवट राहिलं हीच त्याची शोकांतिका. सेलिब्रेशन बांधून पूर्ण झालं, शाळा चालते, हॉस्पिटल चालतं. कंपनीचं गाव म्हणूनच बुडतं असं असेल तर जमशेदपूर केव्हाच बुडालं असतं.

वऱ्हाडी_किसिमीत

मी शेजारी किसिमीला राहतो. दोन्ही बाजूंचे लोक गावाबद्दल बोलून राहिले, वेशीबाहेरचं कोणी बोलत नाही.

सेलिब्रेशनच्या कमानीतून बाहेर पडलं की लगेच १९२ हायवे. तिथे जुन्या मोटेली आहेत. एके काळी त्या पर्यटकांसाठी होत्या, आता कित्येकांत कुटुंबंच्या कुटुंबं आठवड्याच्या भाड्यावर राहतात. एका खोलीत आई-बाप, दोन लेकरं, मायक्रोवेव्हवर स्वयंपाक. त्यातले काही जण थीम पार्कात, हॉटेलांत कामाला. पगार आहे, पण भाड्याच्या घराचं डिपॉझिट आणि पहिल्या-शेवटच्या महिन्याचं भाडं एकदम काढून द्यायला जमत नाही. सकाळी शाळेची पिवळी बस मोटेलच्या पार्किंगात थांबते, पोरं खोलीतून दप्तर घेऊन येतात. मी रोज कामाला जाताना बघतो. तुमचं ओसरीचं गाव तिथून गाडीने पाच मिनिटांवर.

२००० च्या जनगणनेत सेलिब्रेशनमध्ये ९० टक्क्यांहून जास्त गोरे होते, आणि आजूबाजूची काउंटी पोर्तो रिकोच्या लोकांनी भरलेली. आता थोडं बदललं. जाऊ नका असं म्हणत नाही बाप्पा. पण "माणसं दिसणारं गाव" म्हणून जात असाल, तर कोणती माणसं दिसतील ते माहीत असू द्या.

निशिगंधा_एडिसन

वऱ्हाडी, मनाला लागलं. पण खरं सांगा, हे एडिसनला किंवा पुण्याला लागू नाही का? आमच्या सोसायटीत भांडी घासायला येणाऱ्या मावशी कुठे राहतात हे आम्ही कधी विचारलं? सेलिब्रेशनलाच हा प्रश्न का?

वऱ्हाडी_किसिमीत

कारण पुण्याच्या सोसायटीने "आम्ही आदर्श गाव बांधतो" अशी जाहिरात केली नव्हती.

खडूस_काका

वऱ्हाडीला माझा नमस्कार. त्यात भर म्हणून शाळेचा किस्सा, कारण धागाकर्तीची मुलं शाळेत जाणारी आहेत. पहिल्या वर्षी तिथे वेगवेगळ्या वयाची मुलं एका वर्गात, नेहमीचे ग्रेड नाहीत, असा प्रयोग होता. काही पालक वैतागले. घर लवकर विकून नफा घ्यायला करारात बंदी होती. त्यातून सूट मिळाली ती एका अटीवर: गाव का सोडलं हे कुठे बोलायचं नाही. आता बोला! १९९७ मध्ये हे सगळं छापून आलेलं आहे.

साबुदाणा_वडा

काका, १९९७ ची शाळा आज नाही. आता आठवीपर्यंतची सेलिब्रेशन स्कूल आणि वेगळं हायस्कूल आहे, दोन्ही काउंटीचीच. मुलीने तिथेच शिक्षण पूर्ण केलं. आम्ही आठ वर्षं भाड्याने राहिलो, नंतर नोकरीमुळे ॲटलांटाला आलो. इथे कोणीतरी राहिलेल्यानेही बोलावं म्हणून लिहितेय.

आई यायची तेव्हा संध्याकाळी तळ्याला फेरी मारायची. पाटी लावलेली असते, मगरींपासून सावध, म्हणून काठाने नाही, आतल्या वाटेने. महिन्याभरात तिला चार मैत्रिणी झाल्या. एक कोलंबियाची, एक ब्राझीलची, दोघी अमेरिकन. एकमेकींची भाषा येत नव्हती. एकमेकींना नातवंडांचे फोटो दाखवायच्या. हे मला ॲटलांटात जमलं नाही, आणि घर इथे दुप्पट मोठं आहे.

आता वाईट. पर्यटक! डिसेंबरात स्वतःच्या रस्त्यावर पार्किंग मिळत नाही. नियम इतके की कुंपणाच्या रंगासाठी अर्ज. बाजारपेठेच्या इमारती डिस्नेने २००४ मध्येच एका गुंतवणूक कंपनीला विकल्या. वरच्या कॉन्डोवाल्यांनी गळकी छतं आणि बुरशीपायी २०१६ मध्ये तिच्यावर दावा ठोकला. "डिस्नेचं गाव" समजून गेलात तर पहिली गळती लागली की कळतं, डिस्ने कधीच निघून गेलंय. मला विचाराल तर हे बरंच झालं. कंपनी गेल्यावरच ते गाव वाटायला लागलं. लोक भांडायला लागले, मीटिंगांना जायला लागले.

काका, तुमची लोकशाही उशिरा आली, पण आली.

खडूस_काका

गळक्या छतातून आली म्हणायची.

टॅक्सवाला_टॅम्पा

साबुदाणाताईंचं भाड्याने राहणंच सगळ्यात शहाणपणाचं. निशिगंधाताई, वर्षभर भाड्याने राहा. सुरुवात ऑगस्टात करा, शाळाही तेव्हाच सुरू होते आणि उकाडा, पाऊस, वादळं सगळं एकदम समजतं. डिसेंबरात बघायला गेलात तर घर घेऊनच याल. यजमानांना ऑरलँडोजवळच्या लेक नोना आणि हॉरायझन वेस्ट या वस्त्याही दाखवा, आपले लोक तिकडे दिसतील आणि घरं नव्या कोडची आहेत. मात्र आजी-आजोबांना चालत पोचण्यासारखं काय आहे ते उन्हात स्वतः चालून बघा, नकाशावर नको.

निशिगंधा_एडिसन

नवऱ्याने अख्खा धागा वाचला. तो टॅम्पावाल्यांच्या पक्षात, सासूबाई साबुदाणाताईंच्या. भाड्याने राहायचं, एवढ्यावर तूर्त तह झालाय. वऱ्हाडींच्या मुद्द्यावर अजून वाद चालू आहे, तो बहुतेक तिथे जाऊनही चालूच राहील.

कोथरूडची_कावेरी

एक राहिलंच. थीम पार्कातले रात्रीचे फटाके तिथे ऐकू येतात म्हणे. कुत्रा आहे का तुमच्याकडे?

साबुदाणा_वडा

वारा तिकडून असला की येतात, लांबून ढगांसारखे. आठवड्याभरात सवय होते, कुत्र्याला जरा जास्त दिवस लागतात.

निशिगंधा_एडिसन

कुत्रा नाही. सासरे आहेत, आणि ते कानाचं मशीन काढून झोपतात.