‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’: प्रभाव की परिणाम?

मुक्ताक्षर: ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’साठी ‘प्रभाव गुंतवणूक’ सर्रास दिसते. पटते का? आणि नवउद्योगाच्या संस्थापकाला सोयीच्या अटी देणाऱ्या ‘फाउंडर-फ्रेंडली’ गुंतवणूकदाराला काय म्हणावे?

टाकसाळ: ‘प्रभाव’ नको. प्रभाव वक्त्याचा पडतो, नाहीतर पुढाऱ्याचा. ही संज्ञा २००७ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने इटलीत बेलाजिओला भरवलेल्या बैठकीतून पुढे आली. परतावा हवाच, म्हणून ही देणगी नव्हे. पण बदल घडवण्याचा हेतू आधीपासून हवा आणि बदल मोजला पाहिजे. सौरदिव्यांच्या कंपनीत पैसे घातले एवढ्याने भागत नाही. किती घरांतले रॉकेल सुटले, ही कंपनी नसती तरी ते सुटलेच असते का, हे सांगता यावे. म्हणून ‘परिणामलक्ष्यी गुंतवणूक’. (‘सुपरिणाम’ नको. वाईट परिणामही मोजायचे असतात.)

काटेकोर: ‘संस्थापकस्नेही’ चालेल, ‘पर्यावरणस्नेही’च्या वळणाचा आहे. मात्र स्नेह बोलण्यात नव्हे, गुंतवणूक कराराच्या कलमांत शोधावा. ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’चे (कंपनी विकली की गुंतवणूकदाराला आधी पैसे देणाऱ्या कलमाचे) ‘दिवाळखोरीतील प्राधान्य’ हे भाषांतर तर घातकच, कारण कंपनी धडधाकट असताना विकली तरी हे कलम लागते. ‘विक्रीतील अग्रहक्क’ म्हणा. समजा, २० लाख डॉलर घालून २० टक्के हिस्सा घेतला आणि कंपनी ५० लाखांना गेली. साध्या एकपट अग्रहक्कात गुंतवणूकदार आपले २० लाख किंवा हिश्शाचे १० लाख, यांतले एकच घेतो. बाकीच्यांना ३० लाख उरतात. ‘पार्टिसिपेटिंग’ असेल तर आधी २० लाख, वर उरलेल्या ३० लाखांतले ६ लाख, बाकीच्यांना २४. याला ‘दुहेरी अग्रहक्क’ म्हणावे, वाचणारा सावध तरी होईल.

मुक्ताक्षर: ‘व्हेंचर बिल्डिंग’ म्हणजे उबवणीच (इन्क्युबेशन) ना?

टाकसाळ: नाही. उबवणी केंद्रात अंडे दुसऱ्याचे असते. इथे कल्पना, सुरुवातीची माणसे, पहिले भांडवल बहुधा कंपन्या उभारणाऱ्या संस्थेचे, म्हणजे ‘स्टुडिओ’चेच आणि संस्थापक अनेकदा मागाहून येतो. ‘कंपनीउभारणी’ सरळ आहे. अडचण हिश्शाची: स्टुडिओने सुरुवातीलाच निम्म्याहून अधिक ठेवला की पुढचा गुंतवणूकदार बिचकतो, कारण गुंतवणुकीच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर संस्थापकाला राबावेसे वाटेल इतके उरत नाही.

काटेकोर: ‘व्हेस्टिंग’ला, म्हणजे काम करत राहिल्यावर हिस्सा टप्प्याटप्प्याने हक्काचा होण्याला, ‘हक्कपक्वता’ सुचवतो. नेहमीची मुदत ४ वर्षे. १२ महिने भरल्यावर एकदम २५ टक्के, मग दरमहा अठ्ठेचाळिसावा भाग. त्यातल्या ‘क्लिफ’ला ‘कडा’ म्हणू नये, ‘पहिल्या वर्षाची अट’ पुरे.

टाकसाळ: ‘हक्कपक्वता’ फार जड. ‘हिस्सा पिकतो’ म्हटले तर?