लिफ्ट बंद, सभासद तापलेले, आणि पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही नो मॅन्स स्काय करताय"

बी_विंगचा_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. मी गेम खेळत नाही. आयुष्यात खेळलो तो नोकियावरचा साप, तोही लोकलमध्ये. तरी धागा गेमवाल्यांच्या विभागात काढतोय, कारण कायद्याच्या विभागात विचारलं तर उपविधींचे क्रमांक मिळतात आणि भांडण तिथंच राहतं.

डोंबिवली पूर्वेला आमची सात मजली सोसायटी, ५६ फ्लॅट. बी विंगची लिफ्ट बदलायला काढली तेव्हा मी ग्रुपवर छातीठोकपणे लिहिलं, "४५ दिवसांत नवी लिफ्ट." आज ७१ वा दिवस. कंट्रोलर पॅनेल चुकीचं आलं, ते परत गेलं, दुसरं यायचंय. सहाव्या मजल्यावरच्या आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या लेकीकडे राहायला गेल्या. ग्रुपवर सकाळी गुलाबाच्या फुलांऐवजी "लिफ्ट???" येतं. आमच्या अध्यक्षांनी त्यावर लिहिलं, "जिने चढल्याने व्यायामही होतो." पुढे काय झालं ते लिहीत नाही. त्यातच पुढच्या महिन्यापासून मेंटेनन्स ३५० रुपयांनी वाढवायचाय.

परवा कमिटीत ठरलं: आता काही बोलायचं नाही, आणि ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करून टाकायचं. अकरावीतला पुतण्या ते ऐकून शीर्षकातलं वाक्य बोलला आणि हेडफोन लावून बसला. खजिनदार म्हणतात पोरखेळ आहे. खरंच यात आमच्यासारख्यांनी शिकण्यासारखं काही आहे का?

---

रात्रपाळी

काका, पुतण्याला आइस्क्रीम द्या.

नो मॅन्स स्काय ही इंग्लंडातल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स या छोट्याशा कंपनीची गेम, ऑगस्ट २०१६ मध्ये आली. ग्रहांची संख्या १८ वर अठरा शून्यं. कंपनीचा प्रमुख शॉन मरे गेम येण्याआधी मुलाखतींत हौसेनं बोलत गेला. दुसरा खेळाडू भेटेल का, असं विचारलं की तो म्हणायचा, भेटेल, पण शक्यता फार कमी. पहिल्याच दिवशी दोघं जण ठरवून एका ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले, आणि एकमेकांना दिसले नाहीत! तुमचे ४५ दिवस म्हणजे हेच. बोलताना खोटं बोलायचा विचार नसतो, पण हौस बोलते आणि वचन होऊन बसतं.

त्यानंतर कंपनी जवळजवळ गप्प झाली. लोक पैसे परत मागतायत, ब्रिटनमधल्या जाहिरात नियामकाकडे तक्रारी गेल्यात (चौकशीअंती कंपनी त्यातून सुटली), आणि इकडे चिडीचूप. नोव्हेंबरअखेर पहिलं मोठं अपडेट आलं तोवर लोकांनी आपापल्या गोष्टी रचून घेतल्या होत्या. तुमच्याकडे एव्हाना "कमिटीनं कमिशन खाल्लं" सुरू झालंच असेल.

आणि अध्यक्षांचं व्यायामाचं वाक्य वाचून मला २०१७ आठवलं. स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ या गेममध्ये डार्थ व्हेडर हा खलनायक खेळायला घ्यायचा तर ६०,००० क्रेडिट्स (खेळून कमवायचे पॉइंट) लागायचे, म्हणजे तासन्‌तास खेळा. रेडिट या चर्चेच्या साइटवर एकानं विचारलं, ८० डॉलर भरूनही व्हेडर बंदच? गेम काढणाऱ्या ईए कंपनीच्या खात्यावरून उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा की मेहनतीनं मिळवल्याचा अभिमान तुम्हाला वाटावा हाच हेतू आहे. त्या एका उत्तराला साडेसहा लाखांवर डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले, गिनेस बुकात नोंद झाली. किंमत नंतर १५,००० वर आणली, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते वाक्यच. त्रास होणाऱ्याला त्रासाचे फायदे सांगू नयेत. अध्यक्षांना कळवा.

---

कोथिंबीर_जुडी

मी बीजीएमआय (मोबाइलवरची गोळीबाराची गेम, चौघांची टीम) खेळते, ऑफिसातल्या तिघांबरोबर, रात्री साडेदहानंतर, मुलगा झोपला की. (नवऱ्याला वाटतं मी सीरियल बघते.)

आमच्या चौकडीत एक जण आहे, शत्रू दिसला की ओरडतो, "अरे तिकडे! तिकडे बघ! तिकडे!" तोवर आम्ही तिघंही मेलेलो असतो. स्क्रीनवर वर होकायंत्राचे अंश दिसतात, त्यामुळे बोलायचं असतं ते असं: "२४० ला दोन, पिवळ्या घराच्या गच्चीवर, एक नॉक." दिशा, किती, कुठे, अवस्था (नॉक म्हणजे घायाळ होऊन पडलेला). बस.

सेक्रेटरीसाहेब, तुमच्या मेसेजमधलं "लवकरच" म्हणजे ते "तिकडे". "काम प्रगतिपथावर आहे" हेसुद्धा "तिकडे". पॅनेल कुठे आहे, कुठल्या तारखेला निघालं, बसवायला किती दिवस, त्यानंतर लिफ्ट इन्स्पेक्टरची तपासणी बाकी आहे का, एवढं लिहा.

आणखी एक. एपेक्स लेजेंड्स ही तसलीच गेम २०१९ मध्ये आली ती पिंग, म्हणजे न बोलता खूण करायची सोय, घेऊन. वस्तूवर रोखून एक बटण दाबलं की तुमचं पात्रच साथीदारांना सांगतं, इथे शत्रू, इथे बंदूक. माइक नको, भाषा एक असायला नको. मी माइकवर बोलले की लगेच "अरे मुलगी आहे" सुरू होतं, त्यामुळे मला तर ते वरदान वाटलं. तुमच्याकडे ग्रुपवर नसलेली म्हातारी माणसं असणारच. लिफ्टच्या दारावर कागद चिकटवा, कामाचे टप्पे लिहा, झालं की पेनानं टिक. कुणाला काही विचारावं लागणार नाही.

---

जुना_खेळाडू

रात्रपाळीशी असहमत. नो मॅन्स स्कायची अर्धीच गोष्ट सांगितलीत. मरे नंतरही फार बोलला नाही, काम करत राहिला. जुलै २०१८ च्या नेक्स्ट अपडेटमध्ये माणसं एकमेकांना दिसायला लागली, तेही फुकट. २०२४ च्या अखेरीस स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवरचे एकूण अभिप्राय "व्हेरी पॉझिटिव्ह" झाले. तो गप्प बसला म्हणूनच वाचला. रोज खुलासे करत बसला असता तर रोज नवं वचन अडकलं असतं गळ्यात.

---

रात्रपाळी

मुद्दा मान्य. पण गेम आवडली नाही तर माणूस दुसरी खेळतो. सातव्या मजल्यावरचा माणूस दुसरा जिना कुठून आणणार?

---

तोक्योकर

दोघांच्या मधली एक वाट आहे. फायनल फँटसी १४ या महिन्याची फी भरून ऑनलाइन खेळायच्या गेमची डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. एंडवॉकर हा तिचा नवा भाग आला आणि लॉगिनच्या रांगा तासांत मोजायची पाळी आली, वर रांगेतून बाहेर फेकणारी "एरर २००२". निर्माता नाओकी योशिदा यानं लांबलचक पत्र लिहिलं: एका डेटा सेंटरच्या रांगेत १७,००० च्या वर माणसं झाली की ही एरर येते, नवे सर्व्हर घ्यायचे तर जगभर सेमीकंडक्टरची टंचाई आहे, पैसे टाकूनही मिळत नाहीत. माफी मागितली, आधी ७ दिवस आणि मग आणखी १४ दिवस फुकट दिले. त्याहून मोठं म्हणजे गेमची नवी विक्रीच काही काळ थांबवली. रांग कधी संपेल याची तारीख न देताही त्यानं कारण सांगितलं, आकडा सांगितला आणि स्वतःच्या खिशाला चाट लावून घेतली.

लिफ्ट बंद असलेल्या महिन्यांचा लिफ्टचा खर्च बी विंगकडून घेताय का? तो आधी माफ करा, मग पत्र लिहा.

---

बी_विंगचा_सेक्रेटरी

घेतोय. फ्लॅटमागे महिना ११० रुपये. खरं सांगायचं तर ते डोक्यातच आलं नव्हतं.

मेंटेनन्सवाढीचं काय करू? आत्ता बोललो तर मारच खाईन.

---

कारखानदार

फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या गेमवाल्यांसारखं करा. प्रागची वूब सॉफ्टवेअर, २०१३ पासून कितीतरी वर्षं दर शुक्रवारी काय केलं, काय फसलं, काय काढून टाकलं ते लिहायचे. कधी मोठं, कधी अगदीच किरकोळ, पण शुक्रवार म्हणजे शुक्रवार. त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये गेमची किंमत ३० वरून ३५ डॉलर केली. जुन्या गेमची किंमत उतरते, यांनी चढवली! कारण एका ओळीत: २०१६ पासूनची महागाई. आधी कधी सेल लावला नव्हता, नंतरही नाही. थोडी कुरकुर झाली आणि विषय संपला.

३५० चा हिशेब मांडा: वॉचमन किती, वीज किती, पाण्याचे टँकर किती. वाढ लिफ्टच्या मेसेजमध्ये लपवून मात्र सरकवू नका. लोक तेवढीच ओळ वाचतात.

---

बी_विंगचा_सेक्रेटरी

मंडळी, खबर देतो. ग्रुप बंद केला नाही. काल शुक्रवार होता, म्हणून कालच लिहिलं:

"४५ दिवस मी अंदाजाने सांगितले होते, ते चुकलं. पॅनेल बुधवारी भिवंडीच्या गोदामातून निघालं, आज सकाळी इथे पोचलं. बसवायला ६ दिवस. त्यानंतर इन्स्पेक्टरची तपासणी, तिची तारीख आपल्या हातात नाही, म्हणून मी देत नाही. बंद महिन्यांचे ११० रुपये बी विंगच्या पुढच्या बिलातून वजा होतील. पुढची माहिती येत्या शुक्रवारी, सांगण्यासारखं काही नसलं तरी."

खजिनदार ११० रुपयांवरून दोन दिवस बोलत नव्हते. वाढीचा हिशेब वेगळ्या कागदावर काढतोय, सर्वसाधारण सभेत मांडू.

ग्रुपवर पहिलं उत्तर आलं, "इतक्या दिवसांनी जाग आली." दुसरं, "पॅनेलचा फोटो टाका." टाकला. चौथ्या मजल्यावरच्या एकानं दारावरच्या कागदावर पहिली टिक स्वतःच केली, आणि खाली माझ्या स्पेलिंगची चूकही दुरुस्त केली.

आज सकाळी सहाव्या मजल्यावरच्या आजींच्या लेकीचा फोन आला, "पुढच्या शनिवारी आईला आणू का?" जिभेवर "आणा आणा" आलं होतं. म्हटलं, "अजून नको ताई. इन्स्पेक्टर येऊन गेला की मीच फोन करतो."