मदत हवी आहे: नाशिकहून जाऊन-येऊन एका दिवसात जुनी मुंबई, सोबत ७४ वर्षांचे बाबा

नमस्कार मंडळी,

बाबांनी नाशिकमध्ये तीस वर्षं इतिहास शिकवला. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं ते फळ्यावर न बघता काढायचे. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगिजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला दिली, हे सांगताना अजूनही त्यांचा आवाज चढतो. पण स्वतः ते मुंबईला गेले ते लग्नाकार्याला नाहीतर दवाखान्यात. मला त्यांना एक अख्खा दिवस फक्त बघायला न्यायचंय.

सकाळी पंचवटीने जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परत यायचं. हातात साधारण सात तास. गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, जिना मात्र कठडा धरून, एकेक पायरी. म्हणून घारापुरी मनावर दगड ठेवून वगळली. लाँचचा तासभर आणि वर शंभरावर पायऱ्या, जमणार नाही.

डोक्यात आहे ते असं: उतरल्यावर आधी रस्ता ओलांडून सीएसएमटीची १८८८ ची इमारत निवांत बघायची. मग टाउन हॉल आणि सेंट थॉमस कॅथेड्रल. हे १७१८ चं चर्च बाबांना बघायचंच आहे, कारण किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे जात तो चर्चगेट. तट १८६० च्या दशकात पाडला, दरवाजा गेला, नाव तेवढं स्टेशनला उरलं. पुढे राजाबाई टॉवर बाहेरून आणि शेजारचं हायकोर्ट.

हायकोर्टापाशी मला घाई करायची नाही. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली, त्यानंतरचा खटला मुंबईच्या हायकोर्टात चालला. कान्हेरे, कर्वे, देशपांडे तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. बाबा दर वर्षी हा धडा पुस्तक मिटून शिकवायचे. ती इमारत त्यांनी फोटोतच पाहिली आहे.

शेवटी टॅक्सीने वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव. आमचं घर सीतागुंफेपासून हाकेच्या अंतरावर. सीतेच्या शोधात निघालेले राम-लक्ष्मण वाळकेश्वरी थांबले अशी कथा आहे, म्हणजे वाट आमच्या दारातूनच गेली, असं बाबा म्हणतात.

आता अडलंय ते विचारते:

हायकोर्ट आतून बघायचं तर कोणत्या वारी जावं, आधी नाव द्यावं लागतं का? वयस्कर माणसाला लिफ्ट मिळते का?

टाउन हॉलच्या त्या उंच पायऱ्यांना दुसरी वाट आहे का?

बाणगंगेला पाण्यापर्यंत न उतरता वरच्या कडेला बसायला सावली मिळते का? तिथून साडेचारला निघालं तर संध्याकाळच्या गर्दीत सीएसएमटी वेळेत गाठता येईल, की बाणगंगा आधी उरकून फोर्टात परत यावं?

आणि फोर्टात स्वच्छ बाथरूम असलेलं, साधं वरण-भात मिळेल असं ठिकाण सांगा. त्यांना मधुमेह आहे, एक वाजता जेवण लागतंच.

दिवाळीनंतर ऊन उतरलं की जायचं ठरतंय. तुम्ही स्वतः म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेला असाल तर कुठे दमले, कुठे बसवलं तेही जरूर लिहा.