अनुभव धागा: जुन्या घरांत मांडलेलं कापड

साड्यांच्या खरेदीवर आपण पुष्कळ लिहून झालंय. या वेळी न विकल्या जाणाऱ्या कापडाबद्दल लिहूया. जुन्या वाड्यात, हवेलीत, बंगल्यात मांडलेलं कापड पाहायला तुम्ही मुद्दाम दिवस काढून गेला आहात का? काय पाहिलंत, सोबत कोण होतं, कंटाळा आला असेल तर तोही लिहा. माहितीपत्रक उतरवून काढू नका, एवढीच अट. सुरुवात मीच करते.

धागाकर्ती, ठाणे

अहमदाबादचं कॅलिको म्युझियम. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी १९४९ मध्ये सुरू केलेलं हे संग्रहालय १९८३ पासून शाहीबागेत, साराभाईंच्या 'द रिट्रीट' या जुन्या बंगल्याच्या आवारात आहे. नाव आधी नोंदवावं लागतं, आत फोटो काढायचे नाहीत. यजमान फाटकापाशीच म्हणाले, "मग आत जाऊन करायचं काय?"

आत अंधार. म्हणजे दिवे आहेत, पण इतके मंद की डोळे सरावेपर्यंत नुसते आकारच दिसतात. मग हळूहळू पिछवायांमधल्या, म्हणजे देवाच्या मूर्तीमागे टांगायच्या चित्रांच्या पडद्यांमधल्या, गाई, कमळं वर येऊ लागतात. उजेडाने रंग उडतात आणि धागा कुजतो, म्हणून ही काटकसर. मला ती आवडली. फोन हातात नसला की माणूस एका कापडापुढे किती वेळ उभा राहतो, हे तिथे कळलं.

पाटणच्या पटोळ्यापुढे मी सगळ्यात जास्त रेंगाळले. उभे आणि आडवे, दोन्ही धागे विणण्याआधीच बांधून बांधून रंगवायचे आणि मागावर त्यांचे रंग एकमेकांवर नेमके बसवायचे. साडीला महिनोन्‌महिने लागतात ते त्यामुळे. हत्तीची, फुलाची कडा किंचित थरथरल्यासारखी दिसते, ती या बांधणीमुळे. फोटोत हेच सगळं छापल्यासारखं दिसतं. पटोळं विणणारे साळवी मूळचे जालन्याचे, बाराव्या शतकात राजा कुमारपाळाने त्यांना पाटणला नेलं, अशी कथा सांगतात. आमचे यजमान जालन्याचे! तिथून पुढे त्यांची कुरकुर संपली. आता घरी येईल त्याला "आमच्याकडचेच लोक हो ते" असं ऐकवतात.

नॉटिंगहॅमहून

ताई, मस्त विषय. सासूबाई इकडे आल्या होत्या तेव्हा आम्ही डर्बीशरमधल्या हार्डविक हॉलला गेलो होतो. बेस ऑफ हार्डविक या श्रीमंत उमरावबाईने १५९० च्या दशकात बांधलेला प्रासाद. काचा तेव्हा महाग, म्हणून बाईने ऐपत दाखवायला भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त केल्या. गंमत अशी की आता त्याच खिडक्यांवर पडदे ओढून ठेवावे लागतात, कारण आत लाँग गॅलरीत बायबलमधल्या गिडियनच्या गोष्टीचे तेरा विणलेले भित्तिपट आहेत. एकेक जवळपास सहा मीटर उंच. मान दुखते.

ते बेसने स्वतःसाठी विणून घेतलेले नाहीत. मूळ मालक सर ख्रिस्तोफर हॅटन वारले, आणि १५९२ मध्ये तिने ते त्यांच्या वारसाकडून विकत घेतले. वर हॅटन घराण्याची चिन्हं होती, ती झाकून आपली लावायला खर्च येणार म्हणून पाच पौंड कमी करून घेतले! हे ऐकून सासूबाई इतक्या खूश झाल्या, की तुळशीबागेतली मैत्रीणच भेटली जणू. सगळे पट धुऊन, दुरुस्त करून परत टांगायला चोवीस वर्षं लागली, शेवटचा २०२३ मध्ये लागला. सासूबाईंना चित्रापेक्षा दुरुस्तीचे टाके शोधण्यातच रस होता. सापडले नाहीत, म्हणजे काम चांगलं झालंय, असा त्यांचा निकाल.

इंदूरचे काका

माझं धाग्यात बसतं का बघा. महेश्वरच्या किल्ल्यात अहिल्याबाईंचा वाडा आहे. लोक तो बघून घाटावर जातात. पण त्याच किल्ल्यात होळकर घराण्यातल्या मंडळींनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उभी केलेली रेहवा सोसायटी आहे, तिथे माग चालू असतात. काचेमागे काही नाही, समोर कापड तयार होत असतं. महेश्वरीच्या काठांवर ईंट, चटाई, लहर असे नमुने असतात. त्यातले बरेचसे किल्ल्याच्या दगडी कोरीवकामातून घेतलेले म्हणतात. आमच्या सौभाग्यवती साडीचा काठ हातात धरून भिंतीवर तोच नमुना शोधत फिरल्या. उन्हात. मी सावलीत बसलो होतो.

सातारा

नाव सांगत नाही, पण एका वाड्यात जरीचा शालू खिडकीसमोर खिळ्यांवर टांगलेला पाहिला. ऊन थेट अंगावर, घडीच्या रेषेवर चिरलेला. वरचं वाचल्यावर तो फार आठवला.

पुणे ३८

लहान मुलं सोबत असतील तर जयपूरजवळच्या आमेरचं अनोखी म्युझियम करा. डागडुजी केलेल्या जुन्या हवेलीत ठसेछपाईचं कापड आहे, आणि लाकडी ठसा कोरणारे, छापणारे कारागीर समोर काम करताना दिसतात. नुसतं 'हात लावू नको' ऐकून मुलं वैतागतात, इथे बघायला हालचाल आहे. माझ्या मुलाला ठसा कोरणाऱ्या काकांसमोरून उठवणं अवघड झालं.

सातारा

एक विचारायचं राहिलं. आजीचा शालू आहे घरी, डांबरगोळ्या घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत. तसाच ठेवू?

धागाकर्ती, ठाणे

आधी पिशवीतून काढा. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडतो. जुन्या, धुतलेल्या, बिनरंगी सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, आणि अधूनमधून घड्या बदला, म्हणजे एकाच रेषेवर चिरणार नाही. वारा दाखवायचा तर सावलीत, पावसाळा सोडून. आणि फोटो टाका, आजीचा शालू बघायचाय.