मदत हवी आहे: सगळ्यांसाठी एकत्र शिजवलेल्या जेवणाच्या कॅलरी कशा मोजायच्या?

स्वयंपाकघरात डिजिटल वजनकाटा वापरायला लागले आहे. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 360 कॅलरी, शिजलेल्या भातात 130च्या आसपास, कारण पाणी मुरतं, हे कळलं. पण एकाच भांड्यात सगळ्यांसाठी केलेल्या भाजीचं काय? जिन्नस कच्चे तोलून एकूण कॅलरी काढायच्या, शिजल्यावर भांड्याचं वजन वजा करायचं आणि माझ्या वाढणीच्या वजनाप्रमाणे हिशोब लावायचा, हे बरोबर आहे ना?

तेलाची मला जास्त काळजी वाटते. ग्रॅमला 9 कॅलरी, त्यामुळे चमच्याचा अंदाज नकोच. बाटली काट्यावर ठेवून शून्य करायचं, तेल ओतून बाटली परत ठेवायची आणि उणे आकडा वाचायचा, असं कोणी करतं का? तळणीत किती तेल शोषलं जातं ते कसं धरता? कृपया अनुभव सांगा.