मामांची खोक्यांवरची जनावरं कशी टिकवू? (बजेट १५००)

रावेरचा_भाचा: मामा सावद्याकडे केळीच्या बागेत राखणीला आहेत. वय ६८, शिक्षण चौथी. तीन वर्षांपासून केळीच्या रिकाम्या खोक्यांवर वाघ, बिबटे, कोल्हे काढतात. काजळी, गेरू, हळद. मिश्या केरसुणीच्या काडीने. साठेक चित्रं पत्र्याच्या खोलीत जमिनीवर रचलीत, खालच्यांना वाळवी लागलीय. टिकवू कशी? आणि मामांना साहित्य कोणतं घेऊन देऊ?

तापीकाठ: कॅनव्हास आणि अ‍ॅक्रिलिक. लेकीला साडेचार हजारांचा सेट घेतला, एक नंबर.

भुसावळकर: लॅमिनेशन करून टाका, कटकट मिटते.

धुळ्याची_ताई: लॅमिनेशन अजिबात नको! आमच्या आजोबांनी काढलेला मोर मी हौसेने लॅमिनेट केला. आत फुगे धरले, आता सोडवता येत नाही. फार जीव जळतो. चित्रं आधी जमिनीवरून उचला. लोखंडी रॅक, भिंतीपासून वीतभर लांब, मध्ये बटर पेपर. हळद उन्हात उडते, काजळी-गेरू राहतात.

बागायतदार७: एक बिबट्या टाका ना इथे.

रावेरचा_भाचा: टाकला. पुठ्ठ्याच्या आडव्या रेघा दिसतात ना, मामा म्हणतात ते गवत.

बागायतदार७: शेपूट चुकलं भो. बिबट्याला वाघासारखे पट्टे नसतात. आमच्या बागेत आला होता, बॅटरीच्या उजेडात पाहिलाय. मामांना फोटो दाखवा.

भुसावळकर: शेपटीच्या टोकाला कडी असतात की.

जळगावची_खिडकी: फोटो नका दाखवू, हात बिघडेल. फ्रेंच चित्रकार आँरी रूसो पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरीला. फ्रान्सबाहेर गेला नाही, तरी १८९१ मध्ये पावसातला वाघ रंगवला, तो आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. अमेरिकेतला बिल ट्रेलर गुलामीत जन्मला, वयाच्या पंच्याऐंशीच्या सुमाराला चित्रं काढायला बसला. कोरा पुठ्ठा आणून दिला तरी त्याला जुने डागाळलेले तुकडेच आवडायचे. मामांना खोकीच राहू द्या.

तापीकाठ: कॅनव्हासच घ्या. साडेचार हजार काही जास्त नाहीत.

धुळ्याची_ताई: रॅक!! आणि प्रत्येक चित्राचा फोटो काढून ठेवा.

रावेरचा_भाचा: भंगारवाल्याकडून ९०० ला रॅक आणला, बटर पेपरही घेतला. रंग घेतले नाहीत. हळदीचा कोल्हा मात्र खोपीच्या दारावर, उन्हातच लावतोय. ताई, रागावू नका. घड कापायला येणारी पोरं रोज त्याच्यापाशी थांबतात. मामा म्हणाले, उडाला तर दुसरा काढीन.