महापालिकेच्या ठेक्यात भेदभावबंदीची अट: झाडूपुरती की गाडीच्या स्टिअरिंगपर्यंत?

नाक्यावरचा

माझे वडील एका महापालिकेत कायम सफाई कामगार होते. चुलतभाऊ त्याच शहरात झाडू मारतो, पण ठेकेदाराकडे. वडिलांना पगारी रजा होती, आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरीची आशा होती. भावाचा एक खाडा झाला की पैसे कापले जातात. हे आता सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीवर.

भावाच्या हजेरी-चौकीत झाडूवाले सगळे आमच्या समाजाचे आहेत. ड्रायव्हर आणि मुकादम यांत आमचा एकही नाही. भावाकडे जड वाहनाचा परवाना आहे. त्याने दोनदा विचारलं. "तुझं झाडूचं काम चांगलंय, तिथंच राहा," एवढंच उत्तर मिळालं.

पैसा महापालिकेचा, रस्ता महापालिकेचा. मग निविदेतच अट घाला: जात, धर्म, लिंग, अपंगत्व यांवरून भरतीत, कामाच्या वाटपात किंवा बढतीत भेद केला तर बिल अडेल, पुन्हा केला तर ठेका रद्द. तुम्हाला काय वाटतं?

विटा_वाळू

माझा विरोध आहे. १४ वर्षं गटारं-फुटपाथची छोटी कामं घेतोय, म्हणून सांगतो. पीएफ, ईएसआयसी, अनुभवाचा दाखला, इसारा रक्कम हे सगळं आधीच भरतो. काम सगळ्यात कमी दरवाल्याला जातं. बिल सहा-सहा महिने निघत नाही, मजुरांची खर्ची मात्र दर आठवड्याला द्यावीच लागते. त्यात अजून एक दाखला म्हणजे फाइल थांबायला अजून एक टेबल. मोठी कंपनी सल्लागाराकडून छान धोरण छापून आणेल, आणि बाहेर फेकला जाईन मी.

शिवाय माणसं मुकादमाच्या ओळखीने येतात. यवतमाळचा मुकादम यवतमाळचीच टोळी आणणार. तोही भेदभाव धरणार का?

सनदवाली

यवतमाळची टोळी हा भेदभाव नाही, पण त्या टोळीतल्या बाईला त्याच कामाचे कमी पैसे दिले तर आहे, आणि त्याला १९७६ पासून कायद्याने बंदी आहे.

मुळात पोकळी कुठे आहे ते बघा. राज्यघटनेची भेदभावबंदीची कलमं १५ आणि १६ मुख्यतः शासनाला बांधतात. महापालिकेने स्वतः माणूस घेतला तर ती लागू, ठेकेदाराने घेतला तर तो खासगी मालक. अपंगांसाठी २०१६ चा आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा खासगी आस्थापनांनाही लागू होतो. पण जात-धर्मावरून खासगी मालकाने नोकरी किंवा बढती नाकारली, तर सरळ दाद मागता येईल असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ही पोकळी करारातल्या अटीने भरता येते. त्यासाठी संसदेची वाट बघावी लागत नाही.

नुसती अट पुरेशी नाही, हेही मान्य करते. कायम कामगारासारखंच काम असेल तर कंत्राटी कामगाराला वेतनही तेवढंच, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत होतं. तरी मुंबईतल्या २,७०० सफाई कामगारांना कायम होण्यासाठी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०१७ मध्ये ते तिथे जिंकले, आणि त्यानंतरही कित्येकांची नेमणूक नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकावरून अडकली.

सागरपार

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. त्या शहराच्या ठेक्यात भेदभावबंदीचं कलम असतंच. १९९७ पासून तर अशी अट आहे की कामगारांच्या विवाहित जोडीदारांना ज्या सवलती देता, त्या नोंदणीकृत सहजीवनातल्या जोडीदारांनाही द्या, नाहीतर शहराचं काम मिळणार नाही. विमान कंपन्या कोर्टात गेल्या, पण बऱ्याच कंपन्यांनी अट मानली आणि पुढे इतर शहरांनीही ती उचलली. शहर मोठं गिऱ्हाईक असतं. गिऱ्हाइकाने अट घातली की बाजार ऐकतो.

विटा_वाळू

अमेरिकेतलंच दुसरं उदाहरण घ्या. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराने ठेक्याच्या रकमेतले ३० टक्के अल्पसंख्याकांच्या फर्मना देण्याची सक्ती केली होती. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

सनदवाली

ती रद्द झाली कारण तो राखीव हिस्सा होता, आणि त्या शहरातल्या बांधकाम धंद्यात भेदभाव झाल्याचा नेमका पुरावा शहराने गोळा केला नव्हता. भेदभाव करू नका, ही अट त्या निकालाने गेली नाही. उलट त्यातून शिकायचं ते हे की आधी आकडे हवेत. कोणत्या पदावर कोण आहे, ते ठेकेदाराने दरवर्षी द्यावं.

विटा_वाळू

म्हणजे मस्टरवर जातीचा रकाना? तो मी काढणार नाही, ठेका गेला तरी चालेल. माझ्याकडची काही पोरं आडनाव सांगत नाहीत, आणि का सांगत नाहीत ते मला ठाऊक आहे. तो कागद वॉर्ड ऑफिसात गेला की चहाच्या टपरीपर्यंत पोचेल.

नाक्यावरचा

तुमचं हे म्हणणं मला पटलं. माझ्या भावानेही आधीच्या कामावर आडनाव बदलून सांगितलं होतं. रकाना नको.

मग असं करा. ड्रायव्हरची, मुकादमाची जागा रिकामी झाली की चौकीच्या फळ्यावर नोटीस लागली पाहिजे. आतल्या परवानाधारकाची आधी चाचणी घ्या. नाकारलं तर कारण लेखी द्या, आणि त्याची प्रत कामगाराच्या हातात पडू द्या. यात जात कुठेच लिहावी लागत नाही. पण "तिथंच राहा" हे कागदावर लिहायला कुणाचा हात धजणार नाही.

सनदवाली

तक्रार ऐकणारा वॉर्ड ऑफिसचा नको. बिल मंजूर करणाराच तक्रार ऐकणार असेल तर कामगार तोंड उघडणार नाही, आणि ठेकेदाराची अडवणूकही तिथेच होईल. समितीत कामगारांचा प्रतिनिधी हवा.

विटा_वाळू

नोटीस लावेन, लेखी कारणही देईन. त्याच करारात माझं बिल ३० दिवसांत निघेल आणि उशीर झाला तर व्याज मिळेल, असं लिहा. ठेका रद्द करण्याला मात्र माझा विरोध कायम आहे. एका मुकादमाच्या चुकीने ४० माणसांची खर्ची बंद होते.

नाक्यावरचा

ठेका बदलला तरी माणसं तीच ठेवायची, असं कलम घाला. मग रद्द झाल्याचा फटका त्या ४० जणांना बसणार नाही, तुम्हाला बसेल.